नाताळात कोण थांबणार?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला, की मी कार्यालयातल्या कपाटातून एक मोठा कोरा कागद काढते आणि पट्टी-पेन्सिल घेऊन त्यावर डिसेंबर आखायला बसते. वरच्या कडेने 15 डिसेंबरपासून 5 जानेवारीपर्यंतच्या तारखांचे बावीस रकाने असतात आणि डाव्या कडेने आमच्या विभागातील अकरा जणांची नावे. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांचे रकाने लाल पेन्सिलीने भरून झाले, की उरलेल्या पांढऱ्या चौकोनांचे काम सुरू होते. असा तक्ता संगणकावर काही मिनिटांत होतो आणि शेवटची नोंद आम्ही तिथेच करतो. तरीही पहिला कागद मी हातानेच आखते आणि दोन आठवडे टेबलावर उघडा ठेवते. संगणकावर प्रत्येकाला आपली एकच ओळ भरायची असते. कागदापाशी आलेल्या माणसाला स्वतःच्या नावासमोर बोट ठेवण्याआधी इतर दहा जणांच्या ओळी दिसतात.

मी एका विद्यापीठाच्या कार्यालयात, परीक्षा व प्रमाणपत्रांच्या विभागात, गेली सव्वीस वर्षे काम करते. त्यातली शेवटची नऊ वर्षे अधीक्षक म्हणून. राहते फोंड्याला. डिसेंबर उजाडला, की वाड्यावरची माणसे आपुलकीने विचारतात, ‘आता तुम्हाला नाताळची सुट्टी असेल ना?’ त्यांच्या मनात विद्यापीठ म्हणजे वर्ग, प्राध्यापक आणि विद्यार्थी. ते थांबले म्हणजे सगळेच थांबले. हा समज केवळ बाहेरच्यांचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत विद्यापीठाच्या वर्षाची विभागणी दिलेली आहे: अध्यापनाचे 30 आठवडे, प्रवेश व परीक्षांचे 12, सुट्टीचे 8 आणि सार्वजनिक सुट्ट्यांचे 2. बावन्न आठवड्यांचा हा हिशेब शिक्षकांसाठी मांडलेला असून त्यांच्यापुरता तो योग्यच आहे. पण सुट्टीच्या त्या 8 आठवड्यांत विद्यापीठाचे दार कोण उघडते, दूरध्वनी कोण उचलते, पाण्याची टाकी कोण भरून घेते, हे त्यातून कळत नाही. आम्हाला ‘सुट्टी’ नसते, ‘रजा’ असते. सुट्टी सर्वांना मिळते. रजा प्रत्येकाने मागायची असते, आणि ती मंजूर करताना मागे राहणाऱ्यांकडे पाहावे लागते.

ही रजा मोजण्याची रीत बाहेरच्याला किचकट वाटेल, पण डिसेंबरची सारी ओढाताण त्या मोजणीतूनच जन्माला येते, म्हणून ती थोडी सांगायला हवी. केंद्रीय पद्धतीप्रमाणे कर्मचाऱ्याला वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा असते. नियमांच्या भाषेत ती रजाच नव्हे. ती घेतलेला माणूस कामावर असल्याचेच मानले जाते. ती पुढच्या वर्षात नेता येत नाही, 31 डिसेंबरला संपते. त्यामुळे वर्षभर आजारपणासाठी, मुलांच्या शाळेसाठी, कोणाच्या बाराव्या-तेराव्यासाठी जपून ठेवलेले दिवस डिसेंबरच्या पंधरवड्यात एकदम बाहेर येतात. अर्जित रजेचे तसे नाही. 1 जानेवारी आणि 1 जुलै या दोन दिवशी 15-15 दिवस खात्यावर जमा होतात आणि 300 दिवसांपर्यंत साठवता येतात. मोजणीही निराळी असते. यंदा 25 डिसेंबर गुरुवारी आहे. 26, 29, 30 आणि 31 या चार दिवसांची नैमित्तिक रजा टाकली, तर मधले शनिवार-रविवार धरले जात नाहीत आणि चार दिवसांच्या बदल्यात 25 ते 31 असे सात दिवस हाती येतात. तीच विश्रांती अर्जित रजेतून घेतली, तर 26 पासून 31 पर्यंतचे सहाही दिवस खात्यातून वजा होतात. दोन्ही प्रकार एकाला एक जोडता येत नाहीत. ज्याच्याकडे चार नैमित्तिक रजा उरल्या आहेत तो याच चार दिवसांवर बोट ठेवणार, हे उघड आहे, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही.

त्यात आमचा डिसेंबर हा गोव्याचा डिसेंबर. 3 तारखेला जुन्या गोव्यातील सेंट झेवियरचे फेस्त, 19 ला मुक्तिदिन, 25 ला नाताळ. कधी पौष महिना लवकर लागतो आणि फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची जत्रा ऐन नाताळच्या आठवड्यात येते, म्हणून आखणी करताना मी दिनदर्शिकेबरोबर पंचांगही उघडते. गेल्या वर्षी सेंट झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक प्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असे चालले, तेव्हा आमच्या ख्रिस्ती सहकाऱ्यांकडे परदेशांतून आलेले नातेवाईक महिनाभर राहिले होते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात पणजीचे रस्ते पर्यटकांच्या गाड्यांनी भरून जातात. फोंड्याहून शटल पकडून एरवी जिथे मी साडेनऊच्या आत पोहोचते, तिथे त्या आठवड्यात दहा वाजून जातात. काणकोणहून येणारा सहकारी पहाटे निघतो. म्हणजे रजेवर नसलेल्या माणसाच्या वाट्याला रोजच्यापेक्षा अवघड दिवस येतो, आणि ही गोष्ट तक्त्यावरच्या पांढऱ्या चौकोनात दिसत नाही.

काम तरी त्या दिवसांत कमी असते का? आवक-जावक नोंदवही पाहिली तर पत्रे कमी झालेली असतात. बैठका नसतात, परिपत्रके नसतात. पण आमच्या खिडकीपुरते बोलायचे, तर तो आठवडा वर्षातल्या नाजूक आठवड्यांपैकी एक आहे. परदेशी विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या कितीतरी मुदती डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत येतात. त्यासाठी गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, लागतात. अनेक ठिकाणी त्या बंद लिफाफ्यात मागतात. लिफाफ्याच्या चिकटवलेल्या तोंडावर अधिकाऱ्याची सही हवी आणि सहीवर अर्धा कागदावर, अर्धा झडपेवर असा शिक्का हवा. हे काम यंत्राने होत नाही. जुने गुणपत्रक दप्तरातून काढून ताडून पाहणारा एक, सही करणारा एक, आणि शिक्क्याच्या व कोऱ्या प्रमाणपत्रांच्या कपाटाची किल्ली असलेला एक, अशी तीन माणसे एकाच दिवशी एकाच इमारतीत असावी लागतात.

अधीक्षक झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी ती तीन माणसे एका दिवशी एकत्र नव्हती.

तारीख 30 डिसेंबर होती. सकाळी अकराच्या सुमारास वाळपईची एक मुलगी वडिलांबरोबर खिडकीशी आली. दोन बसगाड्या बदलून आली होती. शुल्क भरल्याची पावती, अर्ज, ओळखपत्र, सारे काही नीट क्लिपमध्ये लावलेले. तिने आठ दिवसांपूर्वी दूरध्वनी करून ‘कार्यालय चालू असेल का’ असे विचारले होते आणि आमच्याकडून तिला ‘चालू असेल’ असे खरे उत्तर मिळाले होते. मी स्वतः जागेवर होते. तिची गुणपत्रके मी वीस मिनिटांत काढून ताडून पाहिली. पण सही करणारे अधिकारी रजेवर होते आणि त्यांचा प्रभार कोणाकडे दिल्याचा आदेश निघालेला नव्हता. कपाटाची किल्ली ज्या सहकाऱ्याकडे होती ते काणकोणच्या पलीकडे आपल्या गावी होते. मी दोघांनाही दूरध्वनी केले. दोघेही मनापासून हळहळले. किल्लीवाले सहकारी तर लगेच निघतो म्हणाले, पण सहीशिवाय किल्लीचा उपयोग नव्हता. मुलीचे वडील खिडकीबाहेरच्या बाकावर दोन तास बसून होते. शेवटी मी तिला 2 जानेवारीला यायला सांगितले. ती आली, लिफाफा घेतला आणि आभार मानून गेली. मुदत उलटून गेली आहे, हे ती बोलली नाही. तिने अर्जावर स्वच्छ अक्षरात लिहिलेली शेवटची तारीख मी 30 तारखेलाच वाचली होती.

त्या रात्री घरी आल्यावर मी सगळे रजाअर्ज मनात पुन्हा चाळले. कोणीही नियम मोडलेला नव्हता. सर्वांनी वेळेत अर्ज दिले होते, कारणे लिहिली होती, आणि मी प्रत्येक अर्जावर शिफारस केली होती. पण एक अर्ज 4 नोव्हेंबरला आला, एक 19 ला, एक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. प्रत्येक वेळी माझ्यासमोर एकच माणूस होता, त्याचे कारण खरे होते आणि ‘हो’ म्हणणे योग्य होते. असे सात वेळा योग्य ‘हो’ म्हटल्यावर 30 डिसेंबरचा जो रिकामा दिवस तयार झाला, तो मी कुठेच एकत्र पाहिला नव्हता. ही चूक माझी होती. तेव्हापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मी नाताळच्या आठवड्यातला कोणताही अर्ज एकट्याने पुढे पाठवत नाही. तो आधी कागदावर येतो.

हा कागद माझ्या आधी आमच्या विभागाला लागला नव्हता, यालाही कारण आहे. आमच्याकडे एक ज्येष्ठ ख्रिस्ती सहकारी होत्या. सगळे त्यांना नुसते ‘मॅडम’ म्हणत. चतुर्थीच्या आठवड्यात त्या कार्यालय सांभाळत. गोव्यात गणेश चतुर्थीला दोन दिवस सार्वजनिक सुट्टी असते, पण ज्यांच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो त्यांना ती पुरत नाही, आणि मूळ घर पेडण्यात किंवा सत्तरीत असले तर मुळीच पुरत नाही. अशा वेळी मॅडम डबा घेऊन यायच्या, तिन्ही टेबलांची कामे एकट्या पाहायच्या आणि निघताना आम्हाला म्हणायच्या, ‘तुमी वचात, हांव आसां.’ तुम्ही जा, मी आहे. नाताळात आम्ही त्यांना तेच म्हणायचो. चतुर्थीनंतर आमच्या घरच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा त्यांच्या टेबलावर जायचा, आणि नववर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी दोदोल आणि बिबिंक यांच्याबरोबर त्यांच्या घरच्या नेवऱ्या आमच्याकडे यायच्या. सारण थोडे निराळे, पण कडेची मुरड तीच. कोणत्याही परिपत्रकाशिवाय चाललेली ही अदलाबदल गोव्यातल्या कित्येक कार्यालयांत आजही चालते. शाळांत चालते, बँकांत चालते, रुग्णालयांच्या पाळ्यांत चालते. ती मला अतिशय प्रिय आहे. आपल्या सणाच्या दिवशी दुसरा आपली जागा राखतो, या विश्वासावर या भूमीतले शेजारपण उभे आहे, असे मी मानते.

मॅडम निवृत्त झाल्या आणि ती रीत तशीच चालू ठेवावी, असे मलाही वाटले. पण हिशेब बदलला होता. विभागात आता अकरा जणांपैकी दोघेच ख्रिस्ती. चतुर्थीला बहुतेकांना घरी जायचे असते, आणि उरलेल्या दोघा-तिघांनी पाच दिवस विभाग ओढायचा म्हटले तर तो त्यांच्यावर भार होतो. नाताळात दोघांचाच सण असला तरी सर्वांच्याच मुलांच्या शाळा बंद असतात, परगावची भावंडे त्याच दिवसांत येतात, आणि नैमित्तिक रजा तर सर्वांचीच संपणार असते. अदलाबदलीत दोन्ही बाजूंनी सारखे टाकायचे असते. इथे ते सारखे राहिले नव्हते. 2011 च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे 66 टक्के, ख्रिस्ती सुमारे 25 टक्के आणि मुस्लिम 8 टक्क्यांहून थोडे अधिक आहेत. अकरा जणांच्या विभागात या प्रमाणाला चेहरे असतात.

त्यातला एक चेहरा मला फार उशिरा दिसला. आमचे एक मुस्लिम सहकारी आहेत, शांत स्वभावाचे, अक्षर अत्यंत सुरेख. पदवी प्रमाणपत्रांवर हाताने नावे लिहिण्याची पद्धत होती तेव्हा ते काम त्यांच्याकडेच असे. तक्ता भरताना त्यांचे वाक्य ठरलेले असायचे: ‘माझे काही नाही, तुम्ही सगळे आधी ठरवा.’ त्या वाक्याचा अर्थ आम्ही सर्वांनी सोयीचा लावला होता. चतुर्थी त्यांची नव्हे, नाताळही त्यांचा नव्हे, तेव्हा ते थांबतील. एका ऑक्टोबरमध्ये, का कोण जाणे, मी जुने हजेरीपट काढून बसले आणि नाताळच्या आठवड्याची पाने एकापाठोपाठ एक उघडली. सहा वर्षे. सहाही वर्षे 26 ते 31 डिसेंबरच्या प्रत्येक कामाच्या दिवशी त्यांची सही होती, आणि चतुर्थीच्या दिवसांतही बहुतेक तशीच. त्यांच्या रमजान ईदचा दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. आदल्या संध्याकाळपर्यंत तो नक्की नसतो, म्हणून महिनाभर आधी अर्ज करून मागे-पुढे दिवस जोडण्याची सोय त्यांना कधी मिळालेली नव्हती.

मी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावले, पाने दाखवली आणि विचारले, की तुम्ही कधी काही बोलला का नाहीत. ते म्हणाले, ‘मॅडम, कोणी विचारले असते तर सांगितले असते.’ मग थोडे थांबून त्यांनी सांगितले, की त्यांच्या दोन्ही मुलांच्या शाळेलाही नाताळचीच सुट्टी असते, आणि मुलांना त्यांची आत्या राहते त्या बेळगावला नेऊन आणायचे दर वर्षी ठरते आणि राहते. धाकटा आता दहावीला होता. त्या वर्षी तक्त्यावर सर्वांत आधी त्यांचे चार चौकोन भरले गेले. मी जाहीर काही केले नाही. जुने हजेरीपट कागदाच्या शेजारी उघडे ठेवले, आणि ज्याने त्याने ते आपापल्या डोळ्यांनी पाहिले.

तेव्हापासून कागदाच्या उजव्या कडेला मी आणखी तीन बारीक रकाने आखते: मागच्या तीन वर्षांत त्या आठवड्यात कोण किती दिवस थांबले, त्याचे आकडे. सणाचे नाव त्यात नसते. कोणाचे कारण मोठे आणि कोणाचे लहान, हे ठरवण्याचा अधिकार मला नसावा, असे माझे मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. लग्न न झालेल्या माणसाला ‘तुला काय घाई’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई असू शकते, किंवा कोणीही नसू शकते, आणि दोन्ही वेळा त्याला ते दिवस हवे असू शकतात. ज्याने मागच्या वर्षी थांबून काम केले त्याने यंदा आधी निवडावे, एवढी एकच गोष्ट मला न्यायाची वाटते. कोणी आधी अर्ज दिला, याला मी महत्त्व देत नाही. आधी अर्ज देणारा माणूस बहुधा असा असतो, ज्याला महिनाभर पुढचे ठरवण्याइतकी घरात स्थिरता आहे. ज्याच्या घरी आजारपण आहे, तो 20 डिसेंबरपर्यंत काहीच ठरवू शकत नाही. त्याच्यासाठी एक-दोन चौकोन मुद्दाम मोकळे ठेवावे लागतात, आणि ते मोकळे ठेवलेले पाहून कोणी ‘हे तर रिकामेच आहेत’ असे म्हटले, तर ठामपणे नाही म्हणावे लागते.

मग सगळेच बंद का ठेवू नये? हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारते, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतील व ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे नाताळ ते नववर्ष या काळात कार्यालये पूर्ण बंद ठेवतात. काही ठिकाणी ते दिवस संस्था भरपगारी देते. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या ठिकाणी सार्वजनिक सुट्ट्यांच्या मधले कामाचे दिवस कर्मचाऱ्याने स्वतःच्या साठवलेल्या रजेतून किंवा बिनपगारी रजेतून भरून काढायचे असतात. तिकडे बंद इमारती तापवाव्या लागत नाहीत, हाही एक विचार त्यामागे असतो. आमच्याकडे डिसेंबरात खिडक्या उघड्या टाकून काम होते. बचतीचा तो मुद्दा इथे लागू नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी थांबण्याचे एक सुख आहे, जे मी स्वतः चतुर्थीच्या दोन दिवसांत अनुभवते: आपण घरी असताना टेबलावर काहीही साचत नसते, कारण पाठवणाराही घरीच असतो. एकेकट्याने घेतलेल्या रजेत ते सुख नसते.

तरीही माझा कौल पूर्ण बंदच्या बाजूने पडत नाही. वसतिगृहात काही विद्यार्थी राहतात. ईशान्येकडच्या मुलांना दहा दिवसांसाठी घरी जाऊन येणे परवडत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत उणे 80 अंशांवर चालणारे फ्रीझर असतात, ज्यांत कोणाच्या चार-पाच वर्षांच्या संशोधनाचे नमुने ठेवलेले असतात. एका वर्षी 27 डिसेंबरच्या रात्री वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही. फ्रीझरचा धोक्याचा आवाज पहाऱ्यावरच्या सुरक्षारक्षकाने ऐकला. दारावर चिकटवलेल्या कागदावर तीन दूरध्वनी क्रमांक होते. पहिल्या दोघांनी उचलला नाही, तिसरा संशोधक ताळगावात राहत होता, तो पंधरा मिनिटांत पोहोचला. तो कागद तिथे होता म्हणून नमुने वाचले. आणि आमच्या खिडकीचे मी आधी सांगितलेच आहे: परदेशातील कार्यालये बंद असली तरी त्यांच्या मुदती चालूच असतात.

माझा आक्षेप अर्धवट उघड्या कार्यालयाला आहे. दार उघडे, दिवे चालू, खिडकीशी माणूस, आणि त्या माणसाच्या हाती काहीच नाही, ही अवस्था बंद दारापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर कोणीतरी वाळपईहून निघते. बंद असेल तर तसे पंधरा दिवस आधी फलकावर आणि संकेतस्थळावर लिहावे. उघडे असेल तर सही, शिक्का आणि किल्ली तिन्ही जागेवर असावीत. आता आम्ही 26 ते 31 डिसेंबर या काळात शेजारच्या विभागाशी मिळून एकच खिडकी चालवतो. चौघे जण पुरतात, पण ते चौघे कोण, हे नेमके ठरलेले असते. सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रभाराचा आदेश 15 डिसेंबरपूर्वी निघतो. तो निघाल्याशिवाय त्यांच्या रजेचा अर्ज मी पुढे ठेवत नाही, आणि त्यांनीही याला कधी हरकत घेतलेली नाही. किल्ली 24 तारखेला दुपारी लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात, दोघांच्या सह्यांनिशी, हस्तांतरित होते. ज्याच्याकडे ती जाते तो लिफाफा उजेडाकडे धरून किल्लीचे दात चाचपून पाहतो आणि मगच नोंदवहीत सही करतो. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते होताना मी दर वेळी टेबलावरून उठून तिथे जाऊन उभी राहते.

एक प्रश्न मात्र या कागदावर सुटत नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. अकरा नावांच्या खाली, रेघेच्या पलीकडे, आणखी तीन माणसे आहेत. झाडलोट करणाऱ्या दोन बायका आणि कागदांचे गठ्ठे वाहणारा एक मुलगा. ते कंत्राटदारामार्फत येतात आणि त्यांना दिवसाच्या हजेरीवर पैसे मिळतात. आमचा एखादा मजला चार दिवस बंद ठेवायचे ठरले, तर आमची फार तर चार नैमित्तिक रजा खर्च होते, तीही एरवी संपणारच असते. त्यांचे चार दिवसांचे पैसे जातात. एकदा आम्ही मोठ्या समाधानाने जाहीर केले, की वरचा मजला 26 पासून बंद राहील, सर्वांना विश्रांती मिळेल. त्यांपैकी एक बाई संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि खालच्या आवाजात विचारू लागल्या, ‘बाई, त्या दिवसांत खालच्या मजल्यावर काही काम निघेल का? भांडार साफ करायचे होते ना?’ विश्रांती देत आहोत असे आम्हाला वाटत होते, आणि त्या काम शोधत होत्या. त्या वर्षी भांडार खरोखरच साफ झाले. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उन्हात टाकले गेले, वाळवी लागलेली दोन फडताळे बाहेर निघाली, आणि त्यांची हजेरी भरली. पण दर वर्षी भांडार साफ करायचे नसते, आणि कोणाची मजुरी बुडू नये म्हणून काम शोधून काढणे ही काही व्यवस्था नव्हे.

म्हणून यंदा मी आकडे मांडून एक टिपण तयार केले. मजला बंद ठेवण्याचा निर्णय संस्थेचा असेल, तर त्या दिवसांची त्यांची हजेरी धरली जावी. तिघांचे चार दिवस, म्हणजे बारा दिवसांची मजुरी, एवढाच विषय आहे. कंत्राटाच्या पुढच्या नूतनीकरणात तसे कलम घालावे, अशी विनंतीही केली आहे. टिपण नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी वर गेले. कंत्राटात तशी तरतूद आहे का, अशी विचारणा होऊन ते एकदा परत आले. तरतूद नाही म्हणूनच टिपण लिहिले आहे, असे स्पष्टीकरण जोडून मी ते त्याच दिवशी पुन्हा पाठवले. सध्या ते लेखा विभागात आहे.

टेबलावरचा कागद आता जवळजवळ भरला आहे. काणकोणचे सहकारी यंदा पूर्ण आठवडा घरी आहेत, कारण मागची दोन वर्षे ते थांबले होते. बेळगावला जाणारे या वेळी 30 आणि 31 ला येणार आहेत, त्यांनी स्वतःहून ते दोन दिवस घेतले. 29 डिसेंबरचा एक चौकोन मी कोणालाही दिलेला नाही. विभागातल्या ज्या मुलीचे वडील रुग्णालयात आहेत तिला तो लागेल, असे मला वाटते, आणि तिने अजून काही सांगितलेले नाही. रेघेच्या पलीकडच्या तिघांपुढचे चारही रकाने पेन्सिलीने हलके आखून ठेवले आहेत. लेखा विभागात सोमवारी पुन्हा जायचे आहे.